दयेच्या अर्जावर सही कोणाची?

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात रत्नागिरी येथे सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी किंचित काटछाट केली आहे.)



भाषणाचा विषय विचारायला आपले कार्यकर्ते घरी आले, तेव्हा मी 'राष्ट्रपतींचा क्षमा करण्याचा अधिकार' असे सांगितले. त्यांतले एकजण हसून म्हणाले, "साहेब, आपल्यातला कोण फाशीवर चाललाय?" मीही हसलो. पण ते गेल्यावर मला वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक बाई आठवली.

तिचा मुलगा जन्मठेपेची शिक्षा भोगत होता. तुरुंगात चौदा वर्षे भरली होती आणि मुदतीआधी सुटका व्हावी म्हणून त्याचा प्रस्ताव निघाला होता. बाई तालुक्याला गेली, जिल्ह्याला गेली, तुरुंगाच्या दारात बसली. कोणी सांगितले वर पाठवले आहे, कोणी सांगितले खालून आलेले नाही. शेवटी माझ्याकडे येऊन तिने विचारले, "साहेब, सही नेमकी कोणाची लागते तेवढं सांगा. मी त्याच्याच पाया पडते." मी नवा वकील, मोठ्या ऐटीत म्हणालो, "राज्यपालांची." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ते मला कुठं भेटायचे?"

माझे उत्तर चूक होते. ते का चूक होते हे कळायला मला पुष्कळ वाचावे लागले. आजचे भाषण म्हणजे त्या बाईला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

आपल्या रत्नागिरीला सरकारी हुकूम नवा नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ साली इथे आणून ठेवले. १९१६ साली इथेच त्याचा देह पडला. या तीस वर्षांत त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात खटला चालला नाही. एका हुकमाने तो आला आणि दुसरा हुकूम निघाला नाही म्हणून राहिला. पुढे १९२४ साली सावरकरांची तुरुंगातून सुटका झाली तीही हुकमानेच, आणि सशर्त : रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचे नाही. या अटी उठायला १९३७ साल उजाडले. त्या राजवटीत कैद हा सरकारच्या मर्जीचा मामला होता आणि सुटकाही मर्जीचीच. अर्जदार हात जोडणार, साहेब हो किंवा नाही म्हणणार, आणि 'का' असे कोणी विचारायचे नाही.

राज्यघटनेने ही मर्जी मोडली. क्षमेचा अधिकार मात्र ठेवला, कारण न्यायालयेही माणसांचीच असतात आणि माणसे चुकतात. कलम ७२ खाली राष्ट्रपतींना आणि कलम १६१ खाली राज्यपालांना क्षमा करण्याचा, शिक्षा तहकूब करण्याचा, तीत सूट देण्याचा किंवा ती सौम्य करण्याचा अधिकार आहे. फाशीची शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार केंद्राला आणि राज्याला, दोघांनाही असेल, हे बाबासाहेबांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत स्पष्ट केले होते. त्यांचे स्वतःचे मत याच्याही पुढचे होते. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत बोलताना, अहिंसेचे तत्त्व मानणाऱ्या या देशाने फाशीची शिक्षाच रद्द करावी, असे ते म्हणाले. ते मत त्या वेळी घटनेत उतरले नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. कलमात 'राष्ट्रपती' असे लिहिले आहे. मग निर्णय राष्ट्रपतींचा का? ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. राष्ट्रपती हे राष्ट्राचे प्रमुख आहेत, कारभाराचे प्रमुख नाहीत. राष्ट्राचे निर्णय ज्या शिक्क्याने जाहीर होतात त्या शिक्क्यावरच्या चिन्हासारखे त्यांचे स्थान आहे, अशा अर्थाचे ते बोलले होते. शिक्का उमटतो तेव्हा शिक्क्याने विचार केला असे आपण म्हणत नाही. विचार मंत्रिमंडळाने केलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली शमशेर सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे हीच गोष्ट पक्की केली. त्या पंजाबातल्या प्रकरणात प्रश्न नोकरीतून कमी केलेल्या न्यायिक अधिकाऱ्यांचा होता, पण तत्त्व सर्वत्र लागू झाले : घटना जिथे राष्ट्रपतींचे किंवा राज्यपालांचे समाधान म्हणते तिथे ते मंत्रिमंडळाचे समाधान समजायचे. १९८० साली मारू राम खटल्यात क्षमेच्या अधिकारालाही हाच नियम लागू आहे असे सांगितले गेले. राष्ट्रपती फार तर सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर तो मानावा लागतो.

विद्यार्थी मित्र इथे विचारतील की मंत्र्याने तरी फाईल वाचली होती का? हा प्रश्न योग्य आहे. दयेचा अर्ज तुरुंग अधीक्षकाकडून निघतो, राज्याच्या गृह विभागात जातो, तिथे टिपणी तयार होते, त्यावर शेरे पडतात, मग मंत्री, मग राज्यपाल. तिथे नकार मिळाला की केंद्रीय गृहमंत्रालय, तिथे पुन्हा टिपणी, पुन्हा शेरे, गृहमंत्र्यांचा सल्ला, आणि शेवटी राष्ट्रपती. टिपणी लिहिणाऱ्याचे नाव कोणाला माहीत नसते. मग सोपवलेला अधिकार पुन्हा दुसऱ्यावर सोपवता येत नाही, हे कायद्याचे जुने सूत्र इथे मोडले जात नाही का?

याचे उत्तर १९७० सालच्या संजीवी नायडू खटल्यात आहे. प्रकरण मद्रास राज्यातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाचे. सरकारचे मत व्हायला हवे होते ते सचिवाने केले, अशी तक्रार होती. न्यायालय म्हणाले की सरकारच्या कामकाजाचे नियम ज्या अधिकाऱ्याला ते काम देतात, तो सरकारचा मुखत्यार नसतो, तो सरकारचाच अवयव असतो. तुमचा उजवा हात लिहितो तेव्हा तुम्ही त्याला कुलमुखत्यारपत्र दिलेले नसते, तसेच हे. कलम ७७ आणि १६६ ही सोय करतात. आदेश राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावाने निघतो, नेमून दिलेला अधिकारी त्यावर सही करतो, आणि सही राष्ट्रपतींची नाही एवढ्याच कारणाने तो आदेश रद्द होत नाही.

सध्या अमेरिकेतही असाच वाद गाजला. तिथे क्षमेचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षाचा, मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक नाही. माजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी दिलेल्या माफ्यांवर यंत्राने सही उमटवली होती, म्हणून त्या निरर्थक आहेत, असे ट्रम्प यांनी २०२५ साली जाहीर केले. सही करणारे हे यंत्र तिथे नवे नाही. विधेयकावर राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या हाताने सही केली पाहिजे असे नाही, असा अभिप्राय त्यांच्याच न्याय खात्याने २००५ साली दिला होता, आणि २०११ साली ओबामांनी परदेशात असताना त्या यंत्राने एका विधेयकावर सही करविली होती. माझ्या मते तिथेही खरा मुद्दा एवढाच की निर्णय ज्याने घ्यायचा त्याने घेतला होता का. घेतला असेल तर सही यंत्राची असली तरी चालेल, आणि घेतला नसेल तर सुंदर मोत्यासारख्या अक्षरातली सहीसुद्धा उपयोगाची नाही.

म्हणजे सही महत्त्वाची नाही. मग महत्त्वाचे काय? ते आपल्या महाराष्ट्रातल्या प्रकरणांवरूनच पाहू.

पहिले प्रकरण जुन्या मंडळींना तोंडपाठ असेल. नौदलाचे कमांडर कावस नाणावटी यांनी एप्रिल १९५९ मध्ये मुंबईत आपल्या पत्नीच्या मित्राला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. आता पुढचे ऐका. त्याच दिवशी, होय, त्याच दिवशी, मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांचा आदेश निघाला की सर्वोच्च न्यायालयातले अपील निकालात निघेपर्यंत शिक्षा तहकूब, आणि तोवर आरोपीने नौदलाच्या ताब्यात राहावे. एका दिवसात टिपणी झाली, शेरे झाले, सल्ला झाला, आदेश झाला! माझ्या त्या बाईला हे सांगितले असते तर तिने विश्वास ठेवला नसता.

सप्टेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने सांगितले की प्रकरण आमच्यापुढे असताना शिक्षा तहकूब करायची की नाही हे आम्ही ठरवू, तेवढ्यापुरता राज्यपालांचा आदेश चालणार नाही. क्षमेचा अधिकार कितीही मोठा असला तरी न्यायालयाच्या हातातले काम काढून घेण्याइतका तो मोठा नाही. १९६१ साली जन्मठेप कायम झाली आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नाणावटींना माफी दिली. या दुसऱ्या आदेशाला न्यायालयीन कामकाजाची अडचण नव्हती. कायद्याच्या दृष्टीने पहिला आदेश अडला आणि दुसरा टिकला, एवढेच लक्षात ठेवायचे. पहिल्या आदेशाची घाई कोणासाठी झाली हे मात्र मी तुमच्यावर सोपवतो.

आता दुसऱ्या टोकाचे प्रकरण. कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींचे. लहान मुले पळवणे आणि त्यांचे खून, असे अंगावर काटा आणणारे गुन्हे. १९९६ साली अटक, २००१ साली सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती २००४ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचे अर्ज फेटाळले ते २०१४ साली. मधली जवळजवळ आठ वर्षे कागद फिरत होता, आणि त्यातला मोठा काळ तो आपल्या राज्य सरकारच्याच कार्यालयांत होता. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. गुन्हा भयंकर आहे हे न्यायालयाने मान्य केले. पण रोज सकाळी आज बोलावणे येईल का या विचाराने उठायला लावणे ही कायद्याने न दिलेली दुसरी शिक्षा आहे, आणि ती अधिकाऱ्यांच्या बेपर्वाईमुळे झाली, हा निकालाचा गाभा. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शत्रुघ्न चौहान खटल्यात घालून दिले होते. त्या एका निकालाने पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली.

पुण्यातल्या प्रकरणात तर दयेच्या अर्जावर मानाने लवकर निर्णय झाला. कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या एका तरुणीवर २००७ साली अत्याचार करून तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली फाशी कायम केली, राज्यपालांनी २०१६ साली आणि राष्ट्रपतींनी २०१७ साली अर्ज फेटाळले. मग फाशीचे वॉरंट निघाले केव्हा? एप्रिल २०१९ मध्ये. मधल्या काळात राज्य सरकार आणि सत्र न्यायालय यांच्यातला पत्रव्यवहार. उच्च न्यायालयाने २०१९ साली फाशीऐवजी पस्तीस वर्षांची कैद दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ते कायम केले. त्याच निकालात दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याने वेगळा कक्ष उघडावा असा आदेश आहे. त्या मुलीच्या आईवडिलांनी या निकालाकडे कसे पाहिले असेल याचा मी अनेकदा विचार करतो. कागद जागेवर पडून राहिला म्हणून शिक्षा बदलली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

ही बाजू आपण विसरता कामा नये. आपल्या वस्त्यांवर झालेल्या अत्याचारांचे खटले आपण वर्षानुवर्षे लढवतो. आरोपीला शिक्षा होते आणि एक दिवस कळते की वरून सूट मिळाली. त्या वेळी फिर्यादी बाजूला विचारले होते का? आंध्र प्रदेशात २००५ साली खुनाच्या खटल्यातल्या एका कैद्याला राज्यपालांच्या नावाने शिक्षेत सूट मिळाली. कागद न्यायालयात आले तेव्हा दिसले की खालच्या अहवालात, हा सत्ताधारी पक्षाचा चांगला कार्यकर्ता आहे, असे लिहिले होते! एपुरू सुधाकर नावाच्या या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जात, धर्म, पक्षनिष्ठा ही क्षमेची कारणे होऊ शकत नाहीत, आणि मयताच्या कुटुंबावर काय परिणाम होईल हेही पाहिले पाहिजे, असे बजावले. त्याआधी १९९८ साली उत्तर प्रदेशातल्या एका आमदाराला मिळालेली सूट अशीच अडली होती. त्याच्यावर आणखी खटले होते ही गोष्ट राज्यपालांपुढे ठेवलीच नव्हती. सही राज्यपालांच्या नावाची, तीही रीतसर, पण ज्या कागदावर ती झाली तो अर्धाच होता. असा आदेश न्यायालयाने पुनर्विचारासाठी परत पाठवला.

आणि अधिकारी चुकीचा असला तर? बिल्किस बानो प्रकरणाचा खटला गुजरातमधून मुंबईत हलवला होता, शिक्षा महाराष्ट्रातल्या न्यायालयाने दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी अकरा जन्मठेपींना सोडले मात्र गुजरात सरकारने. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सूट देण्याचा अधिकार खटला जिथे चालला त्या राज्याचा, म्हणजे महाराष्ट्राचा. गुजरातने दुसऱ्याचा अधिकार वापरला. सगळे पुन्हा तुरुंगात गेले.

इथेच माझ्या त्या चुकीच्या उत्तराचा उलगडा होतो. हा अधिकार कलम १६१ चा नव्हता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ चा होता. तो सरकारचा अधिकार, राज्यपालांच्या नावाचा नव्हे. जन्मठेपेच्या कैद्याची चौदा वर्षांनंतरची सुटका बहुधा याच वाटेने होते. आता त्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे आणि हीच तरतूद तिच्या कलम ४७३ मध्ये आहे.

राज्यपालांच्या बाबतीत एक उलटे प्रकरणही सांगायला हवे. राजीव गांधी हत्या खटल्यातल्या पेरारिवालन या कैद्याला सोडावे असा सल्ला तामिळनाडू मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. राज्यपालांनी अडीच वर्षे काही न करता तो शेवटी राष्ट्रपतींकडे पाठवला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्वतःच मुक्त केले आणि सांगितले की राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, त्यांना तो दाबून ठेवता येत नाही किंवा दुसरीकडे ढकलता येत नाही. त्या कैद्याच्या आईने किती वर्षे पायपीट केली हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना माहीत आहे.

नव्या संहितेचे कलम ४७२ विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे. फाशीच्या कैद्याने अपील फेटाळल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत दयेचा अर्ज करायचा. राज्याचे म्हणणे आणि कागद आल्यापासून केंद्राने साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस पाठवायची. निर्णय अठ्ठेचाळीस तासांत तुरुंगापर्यंत पोहोचला पाहिजे. इतपत चांगले आहे. पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे की राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी निर्णय कसा घेतला याची चौकशी कोणत्याही न्यायालयाने करायची नाही. हे वाचून मी थबकलो. न्यायालयाने चौकशी केली नसती तर 'चांगला कार्यकर्ता' हा शेरा कधी बाहेर आला असता? १९८८ च्या केहर सिंग निकालापासून न्यायालये सांगत आली आहेत की क्षमा ही कोणाची खाजगी मेहेरबानी नाही, ती घटनेच्या व्यवस्थेचा भाग आहे. घटनेने दिलेली तपासणी साध्या कायद्याने बंद करता येईल असे मला वाटत नाही. न्यायालय काय म्हणते ते दिसेलच.

त्या बाईचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मी प्रस्तावाचा माग काढला. मुंबईत कोणाची सही अडली नव्हती. मुलगा गावी परत आला तर शांततेला धोका आहे का, याचा एक पानी अहवाल तालुक्यातल्या एका कार्यालयाने दिलाच नव्हता. दोन वर्षे त्या पानाची वाट पाहत फाईल थांबली होती. स्मरणपत्र दिले, त्याची पोच घेतली, पुन्हा दिले. अहवाल गेला आणि प्रस्ताव हलला.

म्हणून कोणी असा अर्ज घेऊन तुमच्याकडे आला तर आधी तीन गोष्टी बघा. अधिकार कोणत्या कलमाखालचा आणि म्हणून कोणत्या सरकारचा. कैद्याने भोगलेली शिक्षा, त्याचे वर्तन, आजारपण आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे कागदावर आहे का. आणि अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर पोहोचला, त्याची आवक नोंद. माहितीच्या अधिकारात २००५ पासून ही नोंद मागता येते. आपल्या संस्थेत कायद्याचे सात-आठ विद्यार्थी आहेत असे आत्ताच कळले. त्यांना अर्ज लिहायला शिकवायची माझी तयारी आहे, वेळ अध्यक्षांनी ठरवावी. आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा.